ड्राफ्टमधल्या पेट्या गेल्या कुठे?

प्रश्न : ताई, मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार, वय ६३. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवतो. मुलानं पाच वर्षांपूर्वी फोनवर जीमेल घालून दिलं, तेव्हापासून गिऱ्हाइकांची यादी मी ड्राफ्टमध्येच ठेवतो. नाव, पत्ता, किती डझन, कच्चा हवा की तयार, पैसे आले की नाहीत, सगळं एकाच ड्राफ्टमध्ये. तो कुणाला पाठवायचा नसतो, म्हणून तिथेच राहतो आणि मी रोज रात्री त्यात भर घालतो. परवा दोन-तीन रिकामे ड्राफ्ट काढायला गेलो, तेव्हा बोट यादीवरही टेकलं असणार. सगळे एकदम गेले. ट्रॅश उघडलं तर त्यात जाहिरातींचे मेल आहेत, यादी नाही. बाजारातला एक जण म्हणतो, अडीच हजार द्या, फोन आणि पासवर्ड दोन दिवस ठेवून जा, सॉफ्टवेअरनं काढून देतो. अजून १४० पेट्या जायच्या आहेत. फोन देऊ का?
(आंबा बागायतदार, देवगड तालुका)

उत्तर : काका, फोन देऊ नका. एवढं मी तुम्हाला पत्र मिळाल्या दिवशीच फोन करून सांगितलं, कारण हा अंक निघेपर्यंत आंबा संपून पागोळ्या गळायला लागलेल्या असतात. पुढे आपण दोघांनी जे केलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण ड्राफ्टची वही करणारे तुम्ही एकटे नाही. मालवणात मी संगणकाचे वर्ग घेते, तिथे हे सर्रास दिसतं. कुणाची भिशी ड्राफ्टमध्ये, कुणाच्या बचत गटाचा हिशेब, एका भजनीबुवांचे तर सगळे गजर.

आधी वाईट बातमी. जीमेलमध्ये आलेला किंवा पाठवलेला मेल पुसला तर तो ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून राहतो. ड्राफ्टला ही सवलत नाही. ड्राफ्ट टाकून दिला की खाली एक पट्टी येते, तिच्यावर ‘अनडू’ असतं. काही सेकंदांत ती पट्टी जाते आणि तिच्याबरोबर ड्राफ्टही. तुम्ही म्हणालात, ‘पट्टी दिसली होती गो, पण चष्मा पडवीत होता.’ आता काय बोलणार!

बाजारातल्या त्या माणसाच्या सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर यादी मुळात राहायला तुमच्या फोनमध्ये नव्हतीच. ती गूगलच्या संगणकांवर होती. फोनवर होती ती तिची प्रत. मेमरी कार्डावरचे पुसलेले फोटो हुडकायचं सॉफ्टवेअर इथे हुडकणार काय? उलट ज्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात तो पासवर्डसकट परक्याच्या टेबलावर दोन दिवस. नेटवर ‘जीमेल कस्टमर केअर’ म्हणून जे नंबर सापडतात त्यांचंही तसंच. समोरच्यानं स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा.

पण वर मी ‘प्रत’ म्हटलं, त्यातच तुमची यादी लपली होती. प्रत एकाच फोनवर असते असं नाही. म्हणून मी विचारलं, हे खातं आणखी कुठे उघडलेलं आहे? तुम्ही ठाम ‘नाय’ म्हणालात. मुलाचा जुना फोन? ‘तो मांगरात पडलाहा. गडी त्यावर दशावतार बघता, पेनड्राइव्हवरून घातलेलो.’ मांगरात रेंज? ‘खयची रेंज!’ मी खुर्चीतून उठलेच.

आपण एरवी ज्या रेंजच्या नावानं बोटं मोडतो, तिचं नसणं इथे कामाला आलं. फोन नेटला लागला की तो गूगलला विचारतो, मी नव्हतो तेव्हा काय काय बदललं? उत्तर येतं, अमुक ड्राफ्ट आता नाही. लगेच तो आपल्याकडची प्रतही पुसून मोकळा होतो. नेटला लागतच नाही तोवर त्याला ही बातमी कळत नाही. तुमच्या हातातल्या फोननं यादी टाकली होती, मांगरातल्या फोनच्या लेखी ती अजून शाबूत होती.

म्हणून पहिली ताकीद, तो फोन घरी आणायचा नाही. घरचं वाय-फाय त्याच्या ओळखीचं आहे, खळ्यात पाय ठेवताच तो लागला असता. मांगरातच त्याच्यावर विमानाचं चिन्ह दाबायचं, सिम असेल तर ते काढायचं, मग जीमेल उघडायचं. (फोन बंद अवस्थेत सापडला तर आधी सिम काढा, जवळचा राउटर बंद करा आणि मगच चालू करा. नाहीतर विमानाच्या चिन्हापर्यंत बोट पोचायच्या आत फोन नेटला लागलेला असतो.) ड्राफ्ट दिसला की कॉपी-पेस्टच्या भानगडीत पडायचं नाही. दुसऱ्या फोननं सरळ स्क्रीनचे फोटो काढायचे, वरून खाली, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतल्या शेवटच्या दोन ओळी येतील असे. तुम्ही २३ काढलेत. त्यातल्या चारांत गड्याचा अंगठा आहे, पण पत्ते लागतात.

यादी निघाली ती अक्षय्य तृतीयेपर्यंतची. त्या दिवशी गडी जेवायला घरी आला होता आणि खिशातल्या फोननं वाय-फाय धरलं होतं. त्यानंतरचे सोळा दिवस बाहेरून भरून काढावे लागले. व्हॉट्सॲपच्या वरच्या शोधपट्टीत ‘पेटी’ टाकलं की तो शब्द असलेले सगळ्या गिऱ्हाइकांचे निरोप एका खाली एक येतात. मग ‘डझन’. मग हेच शब्द इंग्रजी अक्षरांत, कारण निम्मी मंडळी तशी लिहितात, आणि शेवटी ‘बॉक्स’, तो तुमच्या ध्यानात आला नव्हता. ज्यांचे पैसे आले ते यूपीआयच्या इतिहासात नाव-तारखेसकट होते. ज्यांच्या पेट्या गेल्या त्यांच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडच्या पार्सलच्या पावत्या तुमच्या वहिनींनी डब्यात जपून ठेवल्या होत्या, ही त्यांची कृपा. राहिले ते तोंडी सांगणारे चार-पाच. त्यांचा फोन येतोच. आंबा न मिळालेला माणूस गप्प बसत नाही.

ज्यांच्या मांगरात जुना फोन नाही त्यांनी संगणक आठवावा. ऑफिसात, मुलीच्या लॅपटॉपवर, कुठे तो ड्राफ्ट एखाद्या टॅबमध्ये उघडा राहिला आहे का? असेल तर ते पान रिफ्रेश न करता आधी नेट तोडा, मग मजकूर उतरवून घ्या. आउटलुक वापरणाऱ्यांचं नशीब बरं, तिथे पुसलेला ड्राफ्ट ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातो, आधी तिथे पाहावं. आणि थंडरबर्ड हा संगणकावरचा मेलचा प्रोग्रॅम वापरणारे थोडेच असतील, पण त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. मेलची प्रत संगणकावर ठेवायची सोय चालू असेल तर थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतं. पुसलेल्यावर नुसती खूण करतं, मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो. ‘कॉम्पॅक्ट’ केलं की मात्र तो खरोखर जातो. तेव्हा थंडरबर्ड बंद करा, ‘ड्राफ्ट्स’ नावाच्या त्या फाइलची नक्कल काढा आणि ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तरी घाबरू नका, ती उलगडता येते.

आता तुमच्या बोटाबद्दल. वर्गात मी पाहते, संगणकावर मेल लिहिता लिहिता थांबायचं झालं की लोक फुलीला घाबरतात. फुली मारली तर लिहिलेलं जाईल, अशी समजूत. मग ते खालचं कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबतात, का ते त्यांनाही सांगता येत नाही. आहे ते नेमकं उलटं. फुली मारली की ड्राफ्ट सेव्ह होऊन मिटतो, डबा दाबला की जातो. फोनवर मागे जायचा बाण म्हणजे ती फुली.

पुढच्या हंगामाला यादी ड्राफ्टमध्ये नको. गूगल शीट्समध्ये करा, तिथे जुनी आवृत्ती परत आणता येते आणि अख्खी फाइल टाकली तरी ती ३० दिवस ट्रॅशमध्ये असते. तुम्ही म्हणालात, ते चौकोन डोळ्यांपुढे नाचतात. बरं. मग ड्राफ्टमध्येच लिहा, पण दर रविवारी तो कॉपी करून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा. पाठवला की तो ड्राफ्ट राहिला नाही, मेल झाला, आणि मेल चुकून पुसला तरी ट्रॅशमध्ये महिनाभराची मुदत आहे. तो जुना फोन मात्र गड्याकडेच राहू दे.

प्रश्न : मी गुहागरची, कॉलेजात शिकते. शिष्यवृत्तीच्या अर्जाचं पत्र जीमेलमध्ये लिहीत होते. सगळा मजकूर सिलेक्ट झाला आणि त्यावर ‘क’ टाइप झाला. ड्राफ्ट आहे, पण त्यात फक्त ‘क’ आहे.

उत्तर : खिडकी बंद केली नसशील तर कंट्रोल आणि झेड, मजकूर येईपर्यंत दाबत राहा. बंद केली असशील तर अवघड आहे. जीमेल थोड्या थोड्या वेळानं आपणहून सेव्ह करतं, त्यानं तुझा ‘क’ही इमानेइतबारे सेव्ह केला, आणि ड्राफ्टच्या जुन्या आवृत्त्या आपल्याला बघता येत नाहीत. पत्राचा काही भाग कॉपी केला होतास का? विंडोजवर क्लिपबोर्डचा इतिहास आधीपासून चालू असेल तर विंडोजचं बटण आणि व्ही दाबून बघ. अँड्रॉइडवर जीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये कॉपी केलेलं तासभरच टिकतं, तुझं पत्र टपालानं माझ्याकडे यायला पाच दिवस लागले. मैत्रिणीला वाचायला पाठवलं होतंस का, तेही आठव. नसेल तर आता डॉक्समध्ये लिही, आणि पत्ता टाकायच्या चौकटीत अगदी शेवटी जा.