मेल्यावर भेटणारच आहेत तर ख्रिस्ती लोक एवढं रडतात कशाला?

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीचे बाबा गेले, ती ख्रिस्ती आहे, ‘आम्ही पुन्हा भेटू, प्रभू येणार आहे’ असं तीच सांगते आणि दीड महिना झाला तरी रडतेय, मग तिचा विश्वास खरा की नुसता बोलण्यापुरता? आणि मेलेला माणूस लगेच स्वर्गात जातो की येशू परत येईपर्यंत कुठेतरी थांबतो? दुसऱ्याचं उत्तर पुढे जमेल तसं देते. पहिला प्रश्न वाचून मात्र मी फोन बाजूला ठेवून दिला होता, कारण हाच प्रश्न माझ्या आईला विचारला गेलाय, तोही कबरीच्या काठावर, आणि विचारणारा माणूस घरातलाच होता.

माझा धाकटा भाऊ २०१९ मध्ये गेला. २६ वर्षांचा होता. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आईची किडनी जुळत होती, तपासण्या जवळजवळ संपल्या होत्या, तेवढ्यात इन्फेक्शन झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. पेटी खाली सोडली, पाळकांनी ‘मातीला माती’ म्हटलं, आणि मूठभर माती टाकायला आईचा हात पुढे गेला तो तसाच राहिला आणि तिने हंबरडा फोडला. कुणीही आई फोडेल तसा. तेवढ्यात माझे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, पुढे झाले, तिचा दंड धरला आणि हळूच म्हणाले, ‘वहिनी, रडू नका. तो प्रभूजवळ आहे. लोक बघतायत, साक्ष बिघडते.’ साक्ष म्हणजे आपल्या वागण्यातून लोकांना दिसणारा विश्वास.

आई गप्प झाली. त्या क्षणाला गप्प झाली. मी शेजारीच होते, मी एक शब्द बोलले नाही, आणि ते मला आजही टोचतं. त्या दिवसापासून आई कुणासमोर रडली नाही. बाथरूममध्ये जायची, नळ पूर्ण सोडायची, बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद व्हायचा नाही. आम्हाला सगळ्यांना कळायचं. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मात्र सगळे म्हणायचे, काय ताईंचा विश्वास, डोळ्यात पाणी नाही.

काकांनी तेव्हा आणि नंतरही ज्या वचनाचा आधार घेतला ते म्हणजे प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं, थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय, तेरावी ओवी. हे पत्र साधारण इसवी सन ५० च्या सुमाराचं, नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातल्या, सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी एक. तिथे मंडळीतली काही माणसं मेली होती आणि बाकीचे हादरले होते, की येशू परत येईल तेव्हा हे लोक हुकणार की काय. त्यांना पौल सांगतो की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही खेद करू नये. आता हे वाक्य नीट वाचा. ‘खेद करू नये’ एवढ्यावर ते थांबत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नये, असं आहे. म्हणजे खेद करा, फक्त तो आशेसकट करा. काकांनी अर्धं वाक्य उचललं आणि माझ्या आईच्या तोंडावर ठेवलं. मी याला चूक म्हणत नाही, मी याला अन्याय म्हणते.

आणि हा माझा एकटीचा अर्थ नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. येशूचा मित्र लाजर मेलाय, चार दिवस झालेत, येशू येतो. त्याला माहीत आहे की थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन कबरीतून स्वतःच्या पायांनी बाहेर येणार आहे, तो त्यासाठीच आलाय. ‘भेटणारच आहे तर रडतोस कशाला’ हा प्रश्न जगात कुणाला विचारायचा असेल तर तो त्याला त्या क्षणी विचारायला हवा. तरी येशू रडला. दोनच शब्दांचं वचन आहे ते. आणि त्याच्या आधी तो आतून खवळला असं जे आहे ना, तिथल्या मूळ ग्रीक शब्दात रागाची छटा आहे. कुणावर राग? माझ्या मते मरणावर. पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो, करिंथकरांस पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात. शत्रूने माझा भाऊ नेला आणि मी हसतमुखाने उभं राहायचं? पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याला दगडमार करून मारलं तेव्हा भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला, असं प्रेषितांच्या कृत्यांत सरळ लिहिलंय. त्यांची साक्ष कुठे बिघडली? खुद्द पौल लिहितो की त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला म्हणून माझ्यावर दुःखावर दुःख आलं नाही. ‘मरून ख्रिस्ताजवळ जाणं जास्त चांगलं’ असं त्याच पत्रात, फिलिप्पैकरांस, लिहिणारा माणूस हा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लगेच की थांबून. दोन्ही. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आज. म्हणजे मेलेला विश्वासी ख्रिस्ताजवळ आहे, त्याच्या हातात सुरक्षित आहे, एवढं मी मानते. पण ही शेवटची गोष्ट नाही, ही मधली गोष्ट आहे, आणि आपल्याकडच्या निम्म्या प्रवचनांत ही मधलीच गोष्ट शेवटची म्हणून सांगतात याचा मला संताप येतो. आत्मा उडून वर गेला, ढगांवर बसला, संपलं, असा विश्वास ठेवायला ख्रिस्ती असायची गरजच नाही. ख्रिस्ती आशा शरीराची आहे. पुनरुत्थान. नायसीयाचा मतांगिकार (ख्रिस्ती विश्वासाची जुनी जाहीर कबुली) म्हणतो की आम्ही मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाची वाट पाहतो. लाजराची बहीण मार्थासुद्धा त्याच्याबद्दल तेच बोलली, शेवटच्या दिवशी तो उठेल. आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात माणसं वर जात नाहीत, नगरी खाली उतरते, देवाची वस्ती माणसांमध्ये होते, आणि देव डोळ्यांचं पाणी पुसतो. पुसायला आधी डोळ्यांत पाणी असावं लागतं ना? हे मी काकांना विचारलं होतं. पुढे सांगते.

उठलेलं शरीर कसं असेल? पौल बीजाचं उदाहरण देतो, पेरतो एक आणि उगवतं वेगळंच, पण असतं त्याच बीजातलं. येशू उठल्यावर शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला हातांचे आणि कुशीचे व्रण दाखवले. म्हणजे खरं शरीर, ओळखू येणारं. माझ्या भावाच्या हातावर डायलिसिसच्या सुयांची जागा फुगून गाठ झाली होती, हात लावला की आत थरथर जाणवायची. मी कधीकधी विचार करते की ती खूण राहील का. येशूच्या राहिल्या. याच्यापुढे मला बोलता येत नाही.

येशूच्या परत येण्याबद्दल विचारलंय ना, की आजकाल खरंच कुणी मानतं का. मानतात. मी मानते. पण इथे काकांची दुसरी गोष्ट सांगावीच लागेल, कारण माझ्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या होतच नाहीत.

२०११ मध्ये अमेरिकेतला हॅरल्ड कॅम्पिंग नावाचा रेडिओवरचा उपदेशक सांगत होता की २१ मे ला न्यायाचा दिवस आहे. काकांनी ते कुठूनतरी ऐकलं, हिशोबाचे कागद छापून आणले, भिंतीवर लावले. भाऊ तेव्हा १८ वर्षांचा, बारावीत, काकांवर जीव. काका त्याला म्हणाले, पुढच्या ॲडमिशनचं काय घेऊन बसलास, तोवर प्रभू आलेला असेल. त्याने प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला नाही. आम्हाला कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. २२ मे ची सकाळ नेहमीसारखी उजाडली. भाऊ खिडकीशी बसून होता, कुणाशी बोलला नाही. कॅम्पिंगने नंतर सांगितलं की न्याय आध्यात्मिक रीतीने झालाय, खरा शेवट २१ ऑक्टोबरला, आणि काकांनी तेही उचललं. ऑक्टोबरही गेला. २०१२ मध्ये कॅम्पिंगने निदान जाहीर कबूल तरी केलं की तारीख सांगणं हे पाप होतं. काकांनी कागद भिंतीवरून काढले, बस. पोराचं एक वर्ष गेलं. त्याला एकूण २६ च मिळणार होती हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

आणि हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाच्या मागे हजारो लोक येशूची वाट बघत २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र जागले होते, त्या दिवसाला इतिहासात ‘महानिराशा’ म्हणतात. येशूने स्वतः सांगितलंय की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणालाच माहीत नाही, पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, नाही. पुत्राला माहीत नाही ते काकांना कळलं होतं! थेस्सलनीकातही प्रभूचा दिवस आलाच आहे असं कुणीतरी उठवलं होतं, आणि काही जण कामधंदा सोडून बसले होते, त्यांना पौलाने लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. येशू येणार म्हणून फॉर्म भरायचा नाही, हे उलटं आहे. करिंथकरांसच्या त्या पंधराव्या अध्यायाचा शेवट काय आहे? पुनरुत्थान आहे, म्हणून तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. म्हणून फॉर्म भरा. म्हणून डायलिसिसला वेळेवर जा, आणि शक्य असेल तर किडनी द्या.

गेल्या वर्षी घरात प्रार्थनासभा होती, भावाच्या आठवणीची. काका बोलायला उभे राहिले आणि परत तेच, आपण इतरांसारखे रडत नाही. मी मधेच उठले. मोठ्यांना असं मधे तोडायची आमच्यात रीत नाही, मला माहीत आहे. मी म्हटलं, काका, ते वचन पूर्ण वाचा. त्यांनी वाचलं. मी म्हटलं, आता योहान अकरा पस्तीस वाचा. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, तू आता मला बायबल शिकवणार? तेव्हाच मी ते पुसायच्या पाण्याचं विचारलं. कुणी काही बोललं नाही. आई उठून आत गेली आणि नळ सुरू झाला.

एक सांगायचं राहिलं, आणि ते नाही सांगितलं तर मीही अर्धं वाक्यच उचलल्यासारखं होईल. शेवटच्या चार रात्री हॉस्पिटलमध्ये काकाच बसले होते, प्लास्टिकच्या खुर्चीवर. आम्हाला घरी पाठवून एकटे. भावाला स्तोत्रं वाचून दाखवायचे. तेही तुटलेत हे मला दिसतं. बहुतेक स्वतःला रडू येऊ नये म्हणूनच ते दुसऱ्यांना थांबवतात. कारण कळलं म्हणून राग गेलेला नाही.

आणि मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही, तेव्हा ‘लगेच की थांबून’ वर सगळे ख्रिस्ती माझ्यासारखंच सांगतील असं समजू नका. कॅथलिक शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था, मानतात आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, ऑर्थोडॉक्सही करतात. ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक म्हणतात की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत गाढ झोपेत असतो, त्याला काही कळत नाही. इंग्रजीतला सिमेट्री हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच मुळी झोपायची जागा, आणि हा शब्द दफनभूमीला रूढ केला तो ख्रिस्ती लोकांनी. येशू परत येण्याआधी विश्वासी गुपचूप उचलले जाणार, मग संकटाचा काळ, मग तो येणार, हे जे सविस्तर वेळापत्रक काही मंडळ्यांत सांगतात ते १८३० च्या दशकात डार्बी नावाच्या उपदेशकाने आणि त्याच्या साथीदारांनी मांडलं, मला ते पटत नाही. पण तो येईल, मेलेले उठतील, न्याय होईल, यावर या सगळ्यांचं एकमत आहे. तुमची मैत्रीण कुठल्या मंडळीची ते तिलाच विचारा.

तिच्याकडे गेलात की ‘ते चांगल्या ठिकाणी आहेत’ असं म्हणू नका. खरं असलं तरी म्हणू नका, ते तिला माहीत आहे. जवळ बसा. ती रडली तर रडू द्या, आणि तुम्हाला रडू आलं तर तुम्हीही रडा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असं रोमकरांसच्या पत्रातही आहे. तिच्या घरात कुणी दंड धरणारा असेल तर त्याच्या आणि तिच्या मधे उभे राहा. मी राहिले नाही.

आणि काका, तुमचा मुलगा या साइटवर असतो, तो तुम्हाला हे दाखवेलच. मला तुमच्याकडून माफी नको. आईला एक फोन करा, जास्त काही बोलू नका, एवढंच म्हणा की वहिनी, त्या दिवशी मी तुम्हाला थांबवायला नको होतं. ती आजही आधी नळ सोडते.