काचेखालचे वचन

पुणे

चि. मुला,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

भोसरीच्या कारखान्यात तपासणी विभागात तू रुजू झालास आणि पहिल्याच आठवड्यात, कामाच्या ठिकाणी आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यावी, असे मला विचारलेस. मी ३३ वर्षे याच कामात काढली असल्याने आधी माझी चूकच सांगतो.

माझ्या टेबलाच्या काचेखाली बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातले वचन असे (३:२३), जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करण्याविषयीचे. एका महिनाअखेरीस माल गाडीत चढवण्याची घाई होती. एका लॉटमधल्या पाच शाफ्टची, म्हणजे यंत्राच्या दांड्यांची, जाडी मोजायची, ती मी दोघांचीच मोजली आणि उरलेल्या तिन्हींची मापे, २५.०१, २५.०२ मिलिमीटर अशी पटण्याजोगी, बसल्या जागी रजिस्टरात लिहिली. समोर उभा असलेला मशीनवरचा कामगार काही बोलला नाही. त्याने आधी पेटीत मिटून ठेवलेल्या मायक्रोमीटरकडे, म्हणजे जाडी मोजण्याच्या उपकरणाकडे, पाहिले आणि मग काचेकडे.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून मी तो लॉट परत मागवला आणि व्हायची ती बोलणी खाल्ली. पुढे कित्येक महिन्यांनी त्याच कामगाराने डबा खाताना विचारले, "कोणी पकडलं नव्हतं, मग सांगितलंत कशाला?" माझे उत्तर तोकडे होते, पण त्याआधी मी न विचारता केलेल्या सगळ्या उपदेशांपेक्षा ते त्याने नीट ऐकले. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध असावे, असे पेत्र लिहितो (१ पेत्र ३:१५). त्यातला ‘विचारणाऱ्याला’ हा शब्द मी तोवर ओलांडूनच वाचत आलो होतो.

प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबूचाच धंदा करीत होता. (त्याची शिवण पहिल्या पावसात उसवत असती, तर शब्बाथवारी, यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात त्याचे कोणी ऐकले असते, असे मला वाटत नाही.) आपल्या जवळच, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) तिथल्या स्त्रियांनीच जुळवले, रमाबाई १९२२ साली वारल्या आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. एकेक खिळा उचलून ओळ भरणे हे त्या स्त्रियांचे रोजचे काम होते.

पाळीच्या वेळेत धर्माची चर्चा नको, कारण तो वेळ मालकाचा आहे. हाताखालच्या शिकाऊ मुलाला उपासनेला बोलावू नकोस. त्याला तुला मोकळेपणाने नाही म्हणता येणार नाही. तिकडे बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा रविवारी दुसरी पाळी मागून घे, म्हणजे सकाळची उपासना चुकणार नाही. आणि ही सवलत मिळाली, तर दिवाळीत इतरांच्या पाळ्या आपणहून कर.

येत्या गुरुवारी घरी ये. मायक्रोमीटरचा शून्य कसा तपासायचा ते दाखवतो. रोज सकाळी पहिला नग हाती घेण्याआधी ते करायचे असते.

तुझा,
काका