'फेटिश'ला 'विकृती' म्हणावं का?

एका वाचक भगिनीने विचारलं आहे: "एका समुपदेशन केंद्राच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करते आहे. मूळ मजकुरात 'फेटिश' हा शब्द सारखा येतो. कोशात 'लैंगिक विकृती' असा अर्थ मिळाला. पण पत्रकाचा सगळा सूर 'घाबरू नका, बोला' असा आहे. तिथे 'विकृती' लिहायला हात धजत नाही. दुसरा शब्द सुचवाल का?"

तुमचा हात योग्य जागी थांबला आहे. का ते सांगतो, पण त्यासाठी आधी या शब्दाचा प्रवास बघावा लागेल. तो मला फार आवडतो.

फेटिश म्हणजे आज एखाद्या वस्तूची किंवा शरीराच्या एखाद्या भागाची लैंगिक ओढ. पण हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणे. त्यावरून आलेल्या विशेषणाचा अर्थ केलेलं, घडवलेलं, कृत्रिम. त्याचं पोर्तुगीज रूप 'फेइतिसु', आणि पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ झाला चेटूक, मंतरलेली वस्तू. पंधराव्या शतकात पोर्तुगीज खलाशी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागले. तिथल्या लोकांच्या अंगावरचे ताईत आणि पूजेतल्या वस्तू पाहून त्यांनी त्या सगळ्यांना हेच नाव देऊन टाकलं. म्हणजे पहिल्यापासूनच हा शब्द दुसऱ्याच्या श्रद्धेवर बाहेरच्याने चिकटवलेला आहे. गोव्यातही तो पोर्तुगिजांबरोबर आला. १५६० साली तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं, तेव्हा ज्या आरोपांवरून माणसांवर खटले भरले जात त्यांत 'फेइतिसारिया', म्हणजे चेटूक करणं, हाही एक आरोप होता.

आता आपल्या मराठीकडे या. आमच्या कोकणात एखादं धडधाकट माणूस अचानक खंगायला लागलं की कुजबूज सुरू होते, "कुणीतरी करणी केली असणार." ही 'करणी' आली 'करणे' या साध्या क्रियापदातून. संस्कृतातली 'कृत्या'ही 'कृ' धातूचीच. लॅटिन फाकेरे भाषाकुळाने 'कृ'ला जवळचा नाही, त्याचं नातं आपल्या 'धा' धातूशी लावतात. तरी अर्थाची वाट मात्र हुबेहूब तीच: केलेलं, म्हणून मंतरलेलं. दोन दूरच्या भाषांनी एकच विचार स्वतंत्रपणे केला. फेइतिसुचा अगदी नेमका मराठी प्रतिशब्द 'करणी' हाच आहे, असं मी म्हणेन. तुमच्या पत्रकात तो चालणार नाही, हे उघडच आहे.

पुढे १७६० मध्ये शार्ल द ब्रोस या फ्रेंच विद्वानाने आफ्रिकेतल्या वस्तुपूजेवर ग्रंथ लिहिला आणि 'फेटिशिझम' हे नाव रूढ केलं. मार्क्सने १८६७ मध्ये तो शब्द बाजारातल्या मालाला लावला, ती वाट वेगळी. लैंगिक अर्थ त्याला दिला आल्फ्रेद बिने याने, १८८७ मध्ये. बुद्धिमापन चाचणीमुळे आपण ज्याचं नाव ऐकतो तोच हा मानसशास्त्रज्ञ. भक्त जसा दगडात देव बघतो तसा प्रेमिक कधीकधी जोडा, हातमोजा, केसांची बट यांतच सगळं बघतो, अशी त्याची तुलना होती. बिनेचं एक म्हणणं मात्र नंतरच्या लोकांनी सोयीस्करपणे मागे टाकलं: प्रेमात पडलेला प्रत्येक जण कमीअधिक प्रमाणात फेटिशिस्ट असतोच. त्याने धाकटं फेटिश आणि थोरलं फेटिश असा भेदही केला आहे. उदाहरण घेतलं ते देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं. लहानपणी देकार्तला किंचित तिरळी असलेली एक मुलगी आवडायची. पुढे कितीतरी काळ तिरळ्या स्त्रिया दिसल्या की त्याचं मन ओढलं जाई. हे त्याने स्वतःच १६४७ मधल्या एका पत्रात लिहून ठेवलं आहे. या माणसाला विकृत म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

आपल्याकडे ही गोष्ट समजून घ्यायला एक फार सुंदर चौकट आधीपासून आहे. ती रसशास्त्राची. शृंगाररसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, रती. ती जागी होते विभावांमुळे, म्हणजे तिला जागं करणाऱ्या कारणांमुळे, आणि विभाव दोन प्रकारचे. जिच्यावर किंवा ज्याच्यावर मन जडतं ती व्यक्ती म्हणजे आलंबन. चांदणं, मोगऱ्याचा गजरा, पैंजणांचा आवाज, अत्तराचा वास हे उद्दीपन. गजऱ्याने मन हलतं, पण ते धावतं गजरा माळणारीकडे. फेटिशमध्ये उद्दीपन पुढे सरकतं आणि आलंबनाच्या जागी जाऊन बसतं. थोडं सरकलं तर ती नुसती आवड. पूर्ण सरकलं, म्हणजे ती वस्तू नसेल तर कामेच्छा जागीच होत नाही, तर ते बिनेचं थोरलं फेटिश. आणि बिनेचा दृष्टान्तही नाटकाचाच होता: मागे उभा असलेला बिनसंवादाचा नट पुढे येतो आणि नायकाची जागा घेतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

आता 'विकृती'. हा शब्द मुळात शिवी नव्हता, पुढे तो शिवी झाला याचं मला मनापासून वाईट वाटतं. सांख्य दर्शनाच्या मते मूळ प्रकृती आणि पुरुष यांखेरीज जगातली सगळी तत्त्वं कुठल्या ना कुठल्या अर्थाने विकृती आहेत, म्हणजे कशापासून तरी बदलून झालेली. वेदपाठाच्या जटा, माला, शिखा ते घन अशा आठ प्रकारांना अष्टविकृती म्हणतात, आणि घनपाठ्याला समाजात मान मिळतो. वैद्यकातही विकृती म्हणजे प्रकृतीत झालेला बिघाड, त्यात माणसाचा दोष नाही. पण आज मराठी कानाला 'विकृत' म्हटलं की काय आठवतं? वर्तमानपत्रातला मथळा. लहान मुलीवर अत्याचार करणारा विकृत, बसमध्ये अंगचटीला येणारा विकृत. त्याच शब्दाने, बायकोचे पाय आवडतात आणि तिलाही ते आवडतं अशा माणसालाही हाक मारायची? यात दोन्हीकडून नुकसान होतं. निरुपद्रवी माणूस लाजेने तोंड मिटून घेतो. आणि गुन्हेगाराचं कृत्य आजारासारखं वाटायला लागतं, जणू त्याचा इलाजच नव्हता. त्याने निवड केली होती आणि समोरच्याची संमती नव्हती, हे 'विकृत' म्हटल्यावर झाकलं जातं. अशा ठिकाणी सरळ 'अत्याचार', 'विनयभंग', 'गुन्हा' लिहावं. शेजाऱ्याच्या दोरीवरचे कपडे पळवणाऱ्यालाही चोर म्हणावं. त्याला ते कशासाठी हवे होते हा मुद्दा दुय्यम.

हा झगडा मराठीत नवा नाही. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत. १९३४ मध्ये त्यावरून खटला चालला, तेव्हा कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. असे विकृत प्रश्न छापायचेच कशाला, हा आक्षेप होता. प्रश्न कुणाला विकृत वाटला तरी ती विकृती घालवायची ती ज्ञानानेच, म्हणून उत्तर द्यायलाच हवं, असा आंबेडकरांचा युक्तिवाद होता. कर्व्यांना दंड झाला. आज तुम्ही पत्रक लिहिता आहात ते त्याच रस्त्यावर.

वैद्यकशास्त्रही या बाबतीत पुढे गेलं आहे, हे अनुवाद करताना ध्यानात असू द्या. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकाने २०१३ पासून लैंगिक आवडीची वेगळी धाटणी आणि विकार यांत स्पष्ट फरक केला: सहा महिने किंवा जास्त काळ टिकलेली ओढ, आणि तिच्यामुळे त्या माणसालाच त्रास किंवा रोजच्या जगण्यात अडथळा, असं असेल तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यातून फेटिशिझम हे निदानच वगळलं आहे. ही ओढ का लागते याचं एकच कारण सांगता येत नाही. देकार्तसारखा बालपणीचा धागा काहींच्या बाबतीत सापडतो, काहींच्या नाही. मेंदूच्या नकाशात पाय आणि जननेंद्रियं शेजारी असल्यामुळे पायांची ओढ लागत असेल, अशी अटकळ मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी बांधली आहे. अटकळ म्हणूनच ती घ्यावी.

मग शब्द कोणता? माझं मत: शीर्षकात आणि पहिल्या उल्लेखाला 'फेटिश'च ठेवा. तरुण वाचक हाच शब्द शोधत येणार आहे. व्याकरणात हा शब्द नपुंसकलिंगी ठेवा आणि रचना 'आवड'सारखी: 'मला अमक्याचं फेटिश आहे'. 'मी फेटिश करतो' असं लिहिलेलं दिसतं, ते टाळा. खुलाशासाठी 'वस्तुरती' हा शब्द मला पटतो, कारण त्यात 'रती' आहे आणि निंदा नाही. अवयवाबद्दल असेल तर 'अंगरती'. 'वस्तुकामुकता' नको, 'कामुक' आपल्याकडे आधीच बदनाम आहे. 'आसक्ती'ला परमार्थातला सोडून देण्याचा वास येतो. ओघात बोलताना 'ओढ' पुरे. 'वेड' आणि 'खूळ' मात्र नकोत, प्रेमाने वापरलेले असले तरी समुपदेशकाच्या तोंडी ते बोचतील. आणि मूळ मजकुरात जिथे विकाराचाच उल्लेख आहे तिथे बिचकू नका, 'फेटिशसंबंधी विकार' असं स्वच्छ लिहा.

तुमच्या पत्रकाचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं असतं: "एखाद्या वस्तूची, कापडाची किंवा शरीराच्या एखाद्या भागाची लैंगिक ओढ वाटणं याला फेटिश म्हणतात. ती पुष्कळांना वाटते. तिचा तुम्हाला त्रास होत असेल, किंवा जोडीदाराशी कसं बोलावं हे कळत नसेल, तर आमच्याशी बोला."