सोफा आलाच नाही, हप्ता मात्र सुरू

प्रश्न : मुलीच्या साखरपुड्यासाठी नाशिकच्या एका शोरूममधून 84,000 रुपयांचा सोफा सेट घेतला. 14,000 रोख भरले. उरलेल्या 70,000 चं कर्ज दुकानातच बसलेल्या फायनान्सच्या मुलाने 'नो कॉस्ट ईएमआय'वर करून दिलं, महिना 7,000 चे दहा हप्ते. बिलावर 'डिलिव्हरी 20 तारखेच्या आत' असं लिहून घेतलं होतं. साखरपुडा भाड्याच्या खुर्च्यांवर पार पडला, सोफा काही आला नाही. आम्ही ऑर्डर रद्द केली. मालकांनी बिलावर पेनाने 'कॅन्सल' लिहून शिक्का मारून दिला. तरी दोन हप्ते खात्यातून गेले. दुकान म्हणतं फायनान्सवाल्यांना विचारा, फायनान्सवाले म्हणतात दुकानदाराशी तुमचं तुम्ही बघा. मिस्टर म्हणतात, आता खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत. हे चालेल का?

उत्तर : ताई, आधी मिस्टरांना थांबवा. त्यांचा संताप मला पूर्ण पटतो, पण हा मार्ग तुमच्या बाजूचा नाही. कर्ज घेताना तुम्ही खात्यातून हप्ता वळता करायची परवानगी, म्हणजे मॅन्डेट, दिलेली आहे. खात्यात शिल्लक नाही म्हणून हप्ता परत गेला, तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली चेक बाउन्ससारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. त्याआधी नोटीस येते, पैसे भरायला 15 दिवस मिळतात, तुमच्याकडे बचावही आहे. पण आज तुम्ही तक्रारदार आहात, उद्या आरोपी म्हणून कोर्टात उभं कशाला राहायचं? शिवाय बँकेचे आणि कंपनीचे बाउन्स चार्जेस लागतात आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो, तो वेगळाच.

आता मूळ दुखणं. दुकानात एकाच टेबलावर, अर्ध्या तासात सगळं उरकतं, म्हणून आपल्याला वाटतं व्यवहार एकच झाला. कायद्याच्या नजरेत ते दोन करार आहेत : सोफ्याचा दुकानाशी आणि कर्जाचा फायनान्स कंपनीशी. मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्ही त्या मुलाला वाचून दाखवलात, तेव्हा दुसऱ्या करारावर तुमची सही झाली. पहिला करार रद्द झाला म्हणून दुसरा आपोआप रद्द होत नाही. ब्रिटनमध्ये यासाठी कायदाच आहे. तिथल्या 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 नुसार 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या वस्तूबाबत विक्रेत्याने करार मोडला, तर त्याला जोडून कर्ज देणाराही तितकाच जबाबदार धरला जातो. ऑनलाइन खरेदी मुदतीत रद्द केली तर तिला जोडलेलं कर्जही आपोआप संपतं. आपल्याकडे असं कलम नाही. ते यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तोवर या दोन करारांमधला दुवा आपल्यालाच कागदावर आणावा लागतो, आणि तुमच्या प्रकरणात तो आणता येतो.

दुकानाविरुद्धची तुमची बाजू भक्कम आहे. वेळ ही कराराची मुख्य अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर करार रद्द करायचा हक्क भारतीय करार कायद्याचं कलम 55 तुम्हाला देतं. बिलावर तारीख आहेच. साखरपुड्यासाठी सोफा हवा, असा व्हॉट्सअॅप मेसेज मालकांना गेला असेल तर तो सोन्यासारखा जपा, फोन बदलू नका. असा मोबाइलवरचा पुरावा दाखल करताना तो खरा असल्याचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. बिलाच्या तळाशी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असेल, तर त्याला घाबरू नका. माल दिलाच नाही, तर परत घ्यायचा प्रश्न येतोच कुठे?

'कॅन्सल' या एका शब्दाने मात्र भागणार नाही. ऑर्डर कोणत्या तारखेला रद्द झाली, डिलिव्हरी न दिल्यामुळे झाली, 14,000 तुम्हाला आणि कर्जाची रक्कम फायनान्स कंपनीला किती दिवसांत परत जाणार, असं लेटरहेडवर लिहून मागा. दिलं नाही तर तुम्हीच हे सगळं लिहून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : मालक म्हणाले, 'सगळे पैसे रोख घेऊन जा, हप्ते तुम्ही भरत राहा', तर नाही म्हणा. कर्ज जिथून आलं तिथेच परत गेलं पाहिजे, तरच लोन बंद होतं.

'नो कॉस्ट'ची गोम इथेच बाहेर येते. कंपनी सहसा दुकानाला पूर्ण 70,000 देत नाही. व्याजाइतकी रक्कम आधीच कापून, समजा 66,000, देते. रद्द करताना दुकान 66,000 परत करतं आणि वरच्या 4,000 साठी तुमच्याकडे बोट दाखवलं जातं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. कर्जासोबत मिळालेलं मुख्य तथ्य विवरण, म्हणजे 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', काढून पाहा. खरा वार्षिक दर आणि प्रोसेसिंग फी त्यात लिहिलेली असते. हा फरक दुकानाने सोसावा, कारण करार त्याने मोडला, हे पत्रात स्पष्ट लिहा.

आता फायनान्स कंपनी. तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि डीओ, म्हणजे 'माल ग्राहकाला द्या, पैसे आम्ही देतो' असं दुकानाला कळवणारी डिलिव्हरी ऑर्डर, आणि दुकानाला पैसे सोडताना घेतलेले सगळे कागद मागा. माझ्या मते तुमच्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. सहसा कंपनी दुकानाला डीओ देते, माल ग्राहकाला दिल्याचं बिल दुकान अपलोड करतं, मग पैसे सुटतात. सोफा आलाच नाही, तर पैसे कशाच्या आधारावर सुटले? डिलिव्हरी झाल्याचा कागद असेल तर त्यावर सही कोणाची? माल पोहोचल्याची खात्री न करता पैसे सोडले असतील तर ती कंपनीच्या सेवेतली त्रुटी ठरते, आणि 'तुमचं तुम्ही बघा' म्हणायला तिला तोंड उरत नाही.

याच ईमेलमध्ये लिहा : ऑर्डर रद्द आहे, पुढची वसुली थांबवा, आणि तोपर्यंत जाणारे हप्ते आम्ही हरकत नोंदवून, हक्क राखून भरत आहोत. वसुलीवाल्यांचे फोन आलेच, तर सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर त्यांना फोन करता येत नाही. तसा आला तर वेळ टिपून ठेवा.

मोबाइलवरून झालेल्या अशा कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत बाहेर पडायची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. ती मुदत किमान एक दिवसाची असते आणि विवरणात लिहिलेली असते. तुमची केव्हाच उलटली. पण उलटली नसती तरी तिचा फार उपयोग झाला नसता. बाहेर पडायला मुद्दल परत करावं लागतं, आणि मुद्दल तर दुकानदाराच्या गल्ल्यात.

कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फोन 14448. दुकानासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. एवढ्यावर मिटलं तर उत्तमच. नाही मिटलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मात्र लोकपालाकडचं आधी उरकून घ्या, आयोगात प्रकरण चालू असताना तो तीच तक्रार घेत नाही. आयोगासाठी दोन वर्षांची मुदत आहे, पण तुम्ही दिवाळीची वाट पाहू नका. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

तक्रारीत दुकान आणि फायनान्स कंपनी, दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. 'पूर्ण पैसे भरले नाहीत, मग ग्राहक कसल्या?' असं दुकान म्हणेल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हप्त्यावर घेणाराही ग्राहकच आहे, आणि कर्जपुरवठा ही सेवा आहे. कंपनी करारातलं लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे न्यायची अट, दाखवेल. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलं आहे की त्या कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही.

तक्रारीसोबतच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम अर्ज द्या : निकाल लागेपर्यंत हप्ते आणि सिबिलकडची प्रतिकूल नोंद थांबवा. तो मंजूर झाला की मिस्टरांना हवं तेच होईल, पण आयोगाच्या आदेशाने. मागण्या लिहिताना 14,000, गेलेले हप्ते, प्रोसेसिंग फी, व्याज, नुकसानभरपाई, खर्च, हे सगळं मांडा. साखरपुड्याच्या खुर्च्यांच्या भाड्याची पावतीही लावा. आणि लोन बंद झाल्याचं पत्र, ना हरकत दाखला आणि मॅन्डेट रद्द झाल्याची पोच, ही मागणी विसरू नका. दुकानाने कंपनीला पैसे परत केले तरी हे कागद हातात नसतील, तर लोन सिबिलवर चालूच दिसत राहतं. तसं दिसलं तर सिबिलकडे तक्रार करा. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पुढचा हप्ता कापला जाण्याआधी दोन्ही पत्रं निघू द्या. दुकानाच्या पत्राची प्रत फायनान्स कंपनीला आणि कंपनीच्या ईमेलची प्रत दुकानाला, म्हणजे 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं दोघांपैकी कोणालाच म्हणता येणार नाही.