आपलेच दात, आपलेच ओठ

प्रश्न : मुले झोपल्यावर आम्ही दोघांनी निकोलस केज आणि सेल्मा ब्लेअर यांचा ‘मॉम अँड डॅड’ हा २०१७ सालचा चित्रपट पाहिला. त्यात आईबाप पोटच्या पोरांच्या जिवावर उठतात आणि आम्ही मात्र आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडावर उशी धरून हसत होतो. नंतर मला अपराधी वाटले आणि मुलांच्या अंगावरचे पांघरूण मी दोनदा पाहून आले. सासूबाईंना कथा सांगितली, तर ‘असलं काही आपल्यात नसतं’ असे म्हणाल्या. माझ्या मनात काही विकृती आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, पांघरूण दोनदा पाहून आलात, यावरून चित्रपट तुम्हाला नेमका कळला आहे असे दिसते. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या एका सुखवस्तू उपनगरात टीव्हीच्या पडद्यावर अचानक खरखर सुरू होते आणि ती पाहिलेल्या आईबापांना आपल्या मुलांना ठार मारण्याची अनावर इच्छा होते. दिग्दर्शक ब्रायन टेलर यांनी यामागचे कारण शेवटपर्यंत सांगितलेले नाही, आणि ते बरेच केले, कारण कारण काय असावे हे प्रत्येक पालकाला ठाऊकच असते. मात्र या वेडाला एक नियम आहे, तो म्हणजे ज्याने त्याने आपल्याच मुलावर हात टाकायचा. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर आईबापांची झुंबड उडते, तेव्हा प्रत्येकाचे डोळे स्वतःच्या लेकराला शोधत असतात. बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली नायिका बाळंतिणीच्या तावडीतून ते तान्हे मूल सोडवायला जिवाच्या आकांताने धडपडते आणि थोड्या वेळाने स्वतःच्या घरी येऊन आपल्या लेकीच्या आणि लेकाच्या मागे लागते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ही म्हण इतक्या शब्दशः क्वचितच कोणी पडद्यावर आणली असेल.

हसू येते ते याच शब्दशः घेण्यामुळे. आपण मराठी आईबाप दिवसभर काय बोलतो ते एकदा कागदावर उतरवून पाहा. ‘तंगडं मोडून ठेवीन’, ‘जिवंत सोडणार नाही’, ‘मुडद्या, कुठे उलथला होतास?’, ‘गिळ एकदाचं’. माझी आई पोळ्या लाटता लाटता लाटणे उगारून म्हणायची, की तुझ्याऐवजी धोंडा जन्माला आला असता तर धुणे धुवायला तरी उपयोगी पडला असता, आणि पुढच्याच क्षणी तव्यावरची टम्म फुगलेली पहिली पोळी तूप लावून त्याच धोंड्याच्या ताटात पडायची. एखाद्या परक्या माणसाने हा संवाद ऐकून पोलिसांना बोलावले असते तर त्याला दोष देता आला नसता. ब्रायन टेलर यांनी लाटणे उगारलेले तसेच ठेवले आणि पोळी तेवढी काढून टाकली.

तुम्ही ज्या प्रसंगाला सर्वांत जास्त हसला असाल असे मला वाटते, त्यात तर मुलांना कोणी बोटही लावत नाही. तळघरात बापाने हौसेने बिलियर्डसारख्या खेळाचे एक मोठे टेबल आणून जुळवले आहे. बायको खाली येते, पैशांचा विषय निघतो, आणि तो लहान मुलांना हातपाय हलवायला शिकवण्याचे एक बालगीत मोठमोठ्याने म्हणत घणाचे घाव घालून त्या टेबलाचा चुराडा करतो. मग दोघे त्या ढिगाऱ्यापाशी बोलू लागतात. एके काळी आपल्याला स्वतःची नावे होती आणि आता आपण केवळ कुणाचे तरी मम्मी-डॅडी उरलो आहोत, एवढेच त्यांचे दुःख आहे. हा प्रसंग वेडाची साथ येण्याच्या आधीचा आहे, हे ध्यानात घ्यावे. घण घरात आधीपासूनच होता.

यात विकृती शोधायची गरज नाही. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश मनोविश्लेषक मुळात बालरोगतज्ज्ञ होते. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी आईला आपल्या तान्ह्या बाळाचा अगदी पहिल्यापासून तिटकारा का येतो याची तब्बल १८ कारणे दिली आहेत. त्यातले एक असे, की सकाळभर जीव नकोसा करून सोडलेले बाळ बाहेर नेताच अनोळखी माणसाकडे पाहून हसते आणि तो म्हणतो, किती गोड आहे हो! हा तिटकारा मनात असूनही त्यापायी काही न करता तो सोसणे हेच आईचे बळ, असे त्यांचे म्हणणे आहे. फांदी मोडून पाळणा बाळासकट खाली पडतो, असे सांगणाऱ्या इंग्रजी अंगाईचा दाखलाही ते देतात. बाळाला शब्द कळत नाहीत, म्हणून आईचे भागते. आपल्याकडे मुलांना शब्द कळत असतात, पण त्यांचा अर्थ घ्यायचा नसतो हेही कळत असते. मात्र हसू येईनासे झाले आणि हात खरोखरच उठू लागला, तर ते मनातच ठेवू नये. १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर मोफत बोलता येते.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना श्रियाळ-चांगुणेची आठवण करून द्यावी, अर्थात नम्रपणे. शिवलीलामृतातली ही कथा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत भक्तिभावाने वाचली जाते. दारी आलेल्या अतिथीसाठी आई चिलया बाळाचे शिर उखळात कांडते, आणि तेही डोळ्यांतून टिपूस न काढता, गाणे गात. तिथे सत्त्वपरीक्षा आहे, शेवटी शंकर प्रसन्न होतो आणि बाळ हाक मारताच धावत येते, हा फरक मोठा आहे आणि तो मला मान्य आहे. तरीही उखळ-मुसळ आणि गाणे एकत्र ऐकलेल्या कानांना घण आणि बालगीत अगदीच परके वाटू नये.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे आणि त्याला भयपट आवडतात. त्याच्यासोबत हा चित्रपट पाहावा का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : पाहू नये. अमेरिकेतही त्याला ‘आर’, म्हणजे मुख्यत्वे मोठ्यांसाठीचे, प्रमाणपत्र आहे, आणि रक्तपाताचा भाग सोडला तरी यातला विनोद शाळेची फी भरणाऱ्यासाठी आहे, शाळेत जाणाऱ्यासाठी नव्हे.

प्रश्न : उत्तरार्धात अचानक आजी-आजोबा येतात, तो भाग मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. आपले मत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : माझे मत नेमके उलट आहे. उत्तरार्ध नुसत्या पाठलागात अडकून पडला होता आणि त्यात आईच्या वाट्याला बापाइतके खुसखुशीत काही आले नव्हते, ही तक्रार मी मान्य करतो. पण दारावरची घंटा वाजते आणि लान्स हेन्रिक्सन यांनी रंगवलेले आजोबा दारात उभे राहतात, तेव्हा आपल्याला एकदम आठवते, की इतका वेळ मुलांच्या जिवावर उठलेला हा बाप्या स्वतःही कुणाचा तरी मुलगा आहे आणि नियम त्यालाही लागू आहे. म्हातारा सुनेकडे वळूनही पाहत नाही, नातवंडे तर त्याच्या खिजगणतीतही नाहीत. तो थेट लेकावर तुटून पडतो. पन्नाशीतला गृहस्थ वडिलांची चाहूल लागताच सिगारेट विझवून खिडकी उघडतो, अशी घरे आपण पाहिली आहेत. मला वाटते, हा विनोद अमेरिकेपेक्षा सदाशिव पेठेत जास्त कळावा.