८११ वर अडलेलं घर

"मॅडम, सिबिल ८५० च्या वर गेलं की मगच अर्ज टाकायचा, असं ठरवलंय. ९०० झालं तर सोन्याहून पिवळं."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ते बोलून मोकळे झाले. शेजारी त्यांची बायको पर्सची चेन उघडझाप करत बसलेली. नावं सांगत नाही, तपशीलही थोडे बदललेत, दादा-वहिनी म्हणू. दादा नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, वहिनी एका दवाखान्यात हिशेब बघतात. पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके पसंत करून आठ महिने झाले होते आणि कर्जाचा अर्ज अजून घरातच होता.

माझ्याकडे कर्जाच्या समुपदेशनाला येणाऱ्यांपैकी बरेच जण हप्ते थकलेले असतात. पण हल्ली हा दुसरा प्रकार वाढलाय. सगळं सुरळीत आहे आणि सिबिलच्या आकड्याने, म्हणजे उधारीच्या फेडीवरून काढलेल्या स्कोअरने, झोप उडवलीय. "पूर्ण ९०० कसा करायचा?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो.

दादांनी पिशवीतून वही काढली. शाळेची दोनशे पानी, पट्टीने रेघा मारलेली: तारीख, ॲप, स्कोअर, फरक. वाढला तर निळं पेन, उतरला तर लाल. एका ॲपवर ८११, त्याच दिवशी दुसऱ्यावर ७८९, आणि कडेला दोन्हींची सरासरी काढलेली! हसू आवरलं, कारण माणूस मनापासून मेहनत करत होता.

सरासरीला अर्थ नाही, एवढं आधी सांगितलं. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण ते एका कंपनीचं नाव. भारतात कर्जांच्या नोंदी ठेवून स्कोअर काढणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीचं गणित वेगळं, म्हणून आकडाही वेगळा. आणि रोज बघून काय मिळणार? १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी या कंपन्यांना दर पंधरवड्याला माहिती द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम झाला. त्याआधी तर महिन्याला जायची. मधले दिवस दादा तोच आकडा उतरवत होते. स्वतःचा स्कोअर स्वतः बघितल्याने तो कमी होत नाही, एवढंच त्यातलं समाधान.

"मग हा फेब्रुवारीत ७७६ का झाला?" लाल पेनाच्या ओळीवर त्यांचं बोट.

"त्याआधी काय केलंत?"

केलं होतं असं: क्रेडिट कार्डं कमी असली की स्कोअर वाढतो, असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं आणि दोनांपैकी मोठं कार्ड बंद केलं. मी कागदावर मांडून दाखवलं. एका कार्डाची मर्यादा ६०,०००, दुसऱ्याची १,४०,०००. एकूण दोन लाख. महिन्याचं बिल साधारण ४५,०००. म्हणजे मर्यादेच्या साडेबावीस टक्के वापर, चांगलं चाललेलं. मोठं कार्ड गेल्यावर तेच ४५,००० आता ६०,००० च्या समोर उभे राहिले. पंच्याहत्तर टक्के! बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, हा माणूस कार्डावर दिवस काढतोय.

"पण मी पूर्ण बिल भरतो हो, एक रुपया मागे ठेवत नाही."

खरं होतं ते. पण स्कोअर काढणाऱ्या कंपनीकडे बहुतेक वेळा बिल तयार होतं त्या दिवसाची बाकी कळवली जाते. तुम्ही ती चार दिवसांनी फेडलीत, तरी त्या आकड्याला ते ठाऊक नसतं. वापर तीस टक्क्यांच्या आत ठेवा असं म्हणतात ते यासाठी. दादांना उपाय सोपा सांगितला: बिल निघायच्या आधीच अर्धी रक्कम भरून टाकायची.

आता ९०० चं. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण तो नेमका कसा काढतात ते सूत्र कंपनी जाहीर करत नाही. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर ९०० एकदाही आलेला नाही. आणि आला असता तरी त्याचं करणार काय? दादांनी निवडलेल्या बँकेचं दरपत्रक मी उघडून समोर ठेवलं. ८०० च्या वर एकच रकाना, एकच दर. ८०५ वाल्याला आणि ८९० वाल्याला तोच हप्ता. खालच्या पायऱ्यांवर मात्र फरक पडतो: चाळीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण ३३,४५८, सव्वाआठने ३४,०८३. महिन्याला सव्वासहाशे, वीस वर्षांत दीड लाख. म्हणून ७२० वाला माणूस चार महिने थांबून स्कोअर सुधारतो म्हणाला तर मी होच म्हणेन. पण ८११ वर थांबून दादांनी आठ महिन्यांचं भाडं भरलं होतं, १४,००० प्रमाणे १,१२,०००. मधल्या काळात बिल्डरने भाव वाढवला तो वेगळाच.

दादांचे वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. आयुष्यात कुणाचा एक रुपया घेतला नाही, असं अभिमानाने सांगणारे. त्यांचाही स्कोअर दादांनी हौसेने काढून बघितला होता. आकडाच आला नाही. कर्ज नाही म्हणून इतिहास नाही, इतिहास नाही म्हणून स्कोअर नाही. "मुदत ठेवी एवढ्या आहेत की!" म्हणे. ठेवी आणि पगार या अहवालात धरतच नाहीत. हा माणुसकीचा किंवा शिस्तीचा दाखला नव्हेच, घेतलेली उधारी कशी फेडली याची नोंदवही आहे.

नोंदवही म्हटल्यावर मी आकडा सोडून आतली पानं काढली. पूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, २०१७ पासून. दादांनी तो कधीच उघडला नव्हता. ॲपवरचा गोल काटा तेवढा बघायचे. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांच्या चौकटी असतात, हप्ता किती दिवस लांबला ते सांगणाऱ्या. दादांच्या ३६ च्या ३६ चौकटींत '०००'. बँकेला बघायचं असतं ते हे. ते बराच वेळ त्या शून्यांकडे बघत राहिले.

"घर कोणाच्या नावावर?" मी विचारलं.

"दोघांच्या. हिचाही पगार धरल्याशिवाय चाळीस लाख बसत नाहीत."

"मग वहिनींचा अहवाल?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "माझापण बघायचा असतो?"

त्यांचा स्कोअर निघाला ६५२.

सासूबाईंना २०२२ मध्ये फोन घेतला होता, १,५८३ चे बारा हप्ते. अकरा गेले. मग वहिनींनी नोकरी बदलली, जुन्या पगाराच्या खात्यात पैसे राहिले नाहीत, शेवटचा हप्ता परत गेला. मेसेज गेले ते बंद झालेल्या नंबरवर. चौकटींत आकडे चढत गेलेले: ०३०, ०६१, ०९१, आणि शेवटी ६०० च्या पुढे. एका फोनचा एक हप्ता!

दादांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता बायकोवर घसरणार. पण त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली आणि विचारलं, "किती भरायचेत?"

दंड धरून ५,९०० सांगत होते. वसुलीवाल्याने फोनवर "तीन हजारांत सेटल करून टाका" असंही सुचवलं. इथे मी हात आडवा घातला. तडजोड केली की अहवालात 'सेटल्ड' असा शिक्का बसतो आणि पुढची बँक त्याचा अर्थ घेते की याने पूर्ण फेडलं नाही. २,९०० वाचवायला चाळीस लाखांचं कर्ज अडवायचं का? पूर्ण रक्कम भरायची, ना देय दाखला (काही देणं उरलं नाही याचा) घ्यायचा, खातं 'बंद' दिसतंय का ते महिन्याभराने तपासायचं. तसं दिसलं नाही तर स्कोअर काढणाऱ्या कंपनीकडे तक्रार करायची. तीस दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. यांच्यावर ती वेळ आली नाही.

मागच्या चौकटी पुसल्या जात नाहीत, हेही वहिनींना सांगितलं. स्कोअर हळूहळूच चढला, चार महिन्यांत सातशेच्या थोडा वर. बँकेने खुलाशाचं पत्र मागितलं, दाखला जोडला, कर्ज मंजूर झालं. तोवर दादांचा स्वतःचा फेब्रुवारीतल्या ७७६ वरून ८०३ पर्यंत परत आला होता, आणि दर त्यावर लागला.

नवं कर्ज लागलं की स्कोअर थोडा उतरतो, तसा दादांचाही उतरला, १९ अंकांनी. हे मला वहिनींनी फोनवर सांगितलं. हल्ली दोघांचेही अहवाल त्याच काढतात. दादांनी ॲप काढून टाकलं की बघून गप्प बसलेत, ते मी विचारलं नाही.