उत्तर लिहायला बसलं की हात थांबतो

प्रश्न : राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025पासून वर्णनात्मक झाली. नऊ पेपर बघूनच छाती दडपते. अभ्यासिकेत सगळे पुढे गेलेत, मलाच काही जमत नाही असं वाटतं. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नऊही पेपर एकदम डोक्यात धरले की मेंदू कामाला हातच लावत नाही. ते कागदावर उतरवा. डोक्यात घोळणारं सगळं 10 मिनिटांत लिहा आणि आजच्यापुरत्या दोनच ओळी अधोरेखित करा. बाकीचा कागद घडी घालून ठेवा.

मग एक प्रश्न, 150 शब्द, घड्याळ लावून 10 मिनिटं. पहिलं उत्तर वाईटच येईल, येऊ द्या. बहुतेकांची चूक इथेच होते : ‘आधी वाचून संपवतो, मग लिहितो’ म्हणतात, आणि न लिहिल्यामुळेच शंका वाढते. उत्तरावर तारीख टाका. तुलना तीन आठवड्यांपूर्वीच्या आपल्याच उत्तराशी करा. शेजारच्याचा फक्त हायलायटर दिसतो, त्याची भीती दिसत नाही!

छाती धडधडली तर श्वास चार मोजून घ्या, सहा मोजून सोडा, पाच मिनिटं.

दोन आठवडे झोप किंवा भूक उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. जगणं नकोसं वाटलं तर लगेच.